बाटलीतलं पाणी ‘एक्सपायर’ होतं का?

आजचा प्रश्न साधा आहे: सीलबंद बाटलीवरची तारीख उलटली, तर ते पाणी ओतून द्यायचं का?

मी बेंगळुरूत राहतो. इथे हा घरोघरचा प्रश्न आहे. कावेरीचं पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून, उंचावर चढवून आणावं लागतं. जिथे ते पोचत नाही, तिथे बोअरवेल, टँकर आणि वीस लिटरचा कॅन. महाराष्ट्रात आपण त्यालाच जार म्हणतो. मार्च २०२४ मध्ये शहरातल्या बोअरवेल आटल्या, तेव्हा कॅन मिळाला यातच लोक समाधान मानत होते. तारीख बघायला कुणाला सवड होती?

आता मुद्द्यावर येऊ. पाणी दुधासारखं नासत नाही. पण ते ज्यात भरलंय ते भांडं आणि त्यावरचं झाकण, यांना मात्र वय असतं. बाटलीवर छापलेली तारीख बहुतांशी त्यांच्यासाठी असते. लहान बाटलीवर साधारण सहा महिने लिहिलेले दिसतात, कॅनवर त्याहून बरीच कमी मुदत असते.

बाटली पेट नावाच्या प्लास्टिकची असते. ते बनवताना अँटिमनीचं संयुग वापरतात आणि त्याचा अगदी किंचित अंश पाण्यात उतरतो. किती उतरतो, हे उष्णतेवर ठरतं. अमेरिकेतल्या ॲरिझोनामध्ये संशोधकांनी हे मोजलं आणि २००८ मध्ये प्रसिद्ध केलं. अमेरिकेची मर्यादा लिटरला ६ मायक्रोग्रॅम आहे. ६० अंश सेल्सिअसला ती ओलांडायला १७६ दिवस लागले, ८० अंशाला फक्त २.३ दिवस. म्हणजे घरात सावलीत ठेवलेल्या बाटलीची भीती नको. पण उन्हात उभ्या टेम्पोत किंवा दुकानाबाहेर रचून ठेवलेली बाटली शक्यतो टाळा.

दुसरी गोष्ट जंतूंची. कारखान्यात पाण्यावर बहुधा ओझोनची प्रक्रिया करतात. ओझोन जंतू मारतो आणि थोड्या वेळात स्वतःच नाहीसा होतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन थोडा शिल्लक राहून राखण करतो. इथे तो राखणदार नसतो. सील तोडलं, तोंड लावलं, की जंतूंना मोकळं रान. म्हणून उघडलेली बाटली शक्यतो त्याच दिवशी संपवा, कॅन दोन-तीन दिवसांत. आणखी एक लक्षात ठेवा: बाटलीतलं पाणी शुद्ध असलं तरी निर्जंतुक नसतं. तान्ह्या बाळाचं पावडरचं दूध बनवायचं असेल, तर ते उकळूनच घ्या.

माझ्या मते खरी काळजी कॅनचीच आहे. बाटली एकदाच वापरतात, कॅन पुन्हापुन्हा भरला जातो. आतून ओरखडे पडले की त्यात जंतूंचा चिकट थर बसतो आणि तो नुसतं विसळून जात नाही. हिरवट झाक, आतून खरखरीतपणा, वास, यातलं काही दिसलं की कॅन परत करा. आपला पंप किंवा डिस्पेन्सरचा नळही आठवड्याला धुवा. कॅन चकाचक आणि नळी बुळबुळीत, असं पुष्कळ घरांत असतं.

कायद्याचं काय? २००३ मध्ये दिल्ली-मुंबईत विकल्या जाणाऱ्या बाटल्यांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याचं सीएसई या संस्थेने जाहीर केलं, त्यानंतर मानकं कडक झाली. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये एफएसएसएआयने आपल्या नियमांतून बीआयएस प्रमाणपत्राची सक्ती काढली आणि पुढच्याच महिन्यात बाटलीबंद पाणी ‘जास्त जोखमीच्या’ अन्नाच्या वर्गात टाकलं. आपण काय बघायचं? १४ अंकी परवाना क्रमांक, भरल्याची तारीख आणि शाबूत सील. आयएसआय चिन्ह असेल, तर त्याखालचा क्रमांक बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो.

साठवताना पेट्रोल, रंग, फिनेल, उदबत्ती यांच्याजवळ ठेवू नका. प्लास्टिकमधून वास आत जातो.

मग तारीख उलटलेली सीलबंद बाटली? सावलीत ठेवलेली असेल तर ती विष झालेली नसते, पण त्यापुढे कंपनीची हमी नसते. ते पाणी कुंड्यांना घाला, फरशी पुसायला घ्या. आणि रिकामी बाटली चुरगळूनच टाका, म्हणजे कुणी तीच भरून पुन्हा विकणार नाही.