आकडा कुणाचे देणे लागत नाही

लॉटरीचा आकडा कसा निवडावा, असे मला पुष्कळजण विचारतात. कवीला ओळी सुचतात, मग आकडाही सुचेल, असा त्यांचा समज! कुणी वाढदिवसाची तारीख लावतो, कुणी बरेच दिवस न आलेला आकडा धरून बसतो. पण सोडतीतल्या चेंडूंना मागची सोडत आठवत नसते. ४९ आकड्यांतून ६ निवडायचे तर १ कोटी ३९ लाख ८३ हजार ८१६ जुळण्या होतात. प्रत्येकीची संधी अगदी सारखी. १ ते ६ या ओळीच्या आकड्यांचीसुद्धा.

निवडीने फरक पडतो तो वाटणीत. अनेकांच्या मनात तेच तेच आकडे येतात. ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीत १४ जानेवारी १९९५ रोजी ७, १७, २३, ३२, ३८, ४२ हे आकडे निघाले आणि पहिल्या बक्षिसाला वाटेकरी निघाले १३३! सुमारे १ कोटी ६० लाख पौंडांतून प्रत्येकाच्या हाती आले १ लाख २२ हजारांच्या आसपास. इतरांना न सुचणारे आकडे घेतले, तर वाटेकरी कमी होतील. बक्षीस लागण्याची शक्यता मात्र तसूभरही वाढणार नाही.

तिकीट घ्यायचेच तर गंमत म्हणून एखादे घ्यावे. ‘आता हा आकडा येणारच’ या भरवशावर किराण्याचे पैसे मोडू नयेत.