कोव्हिड-१९ महामारीच्या काळातील भारतातील निवडणुका

कोव्हिड-१९ महामारीच्या काळात, म्हणजे २०२० च्या मार्चपासून २०२२ च्या मार्चपर्यंत, भारतात राज्यसभेपासून ग्रामपंचायतींपर्यंत सर्व पातळ्यांवर निवडणुका झाल्या. आरंभी त्यांपैकी काही पुढे ढकलण्यात आल्या. पुढे भारत निवडणूक आयोगाने २१ ऑगस्ट २०२० रोजी विशेष मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आणि त्यांनुसार मतदान घेण्यास प्रारंभ झाला. मतदान केंद्रावर गर्दी कशी टाळावी, हा प्रश्न या सूचनांनी बऱ्याच अंशी सोडवला. प्रचारातील गर्दी आणि निवडणुकीच्या कामावरील कर्मचाऱ्यांची सुरक्षितता हे प्रश्न मात्र २०२१ च्या दुसऱ्या लाटेत तीव्रतेने पुढे आले.

घटनात्मक पेच

संविधानाच्या अनुच्छेद १७२ नुसार राज्य विधानसभेची मुदत पाच वर्षांची असते. आणीबाणीची उद्घोषणा अमलात असेल तरच संसद कायद्याने ही मुदत वाढवू शकते. आणि युद्ध, परकीय आक्रमण किंवा सशस्त्र उठाव ही आणीबाणीची कारणे आहेत. रोगाची साथ त्यांत येत नाही. त्यामुळे साथ आहे म्हणून विधानसभेची मुदत वाढवण्याचा मार्ग उपलब्ध नव्हता. मुदतीत निवडणूक झाली नाही, तर राज्यात राष्ट्रपती राजवट लागण्याचा संभव होता.

महाराष्ट्रात हा पेच वेगळ्या रूपाने उभा राहिला. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी २८ नोव्हेंबर २०१९ रोजी शपथ घेतली, तेव्हा ते कोणत्याही सभागृहाचे सदस्य नव्हते. अनुच्छेद १६४ (४) नुसार सहा महिन्यांत सदस्यत्व मिळवणे आवश्यक होते. परंतु विधान परिषदेच्या नऊ जागांची निवडणूक साथीमुळे लांबणीवर पडली होती. राज्यपालांच्या विनंतीनंतर आयोगाने २१ मे २०२० ही मतदानाची तारीख ठरवली. प्रत्यक्षात नऊ जागांसाठी नऊच उमेदवार उरल्याने निवडणूक बिनविरोध झाली व मतदानाची वेळच आली नाही.

ग्रामपंचायतींच्या बाबतीतही अनुच्छेद २४३-ङ पाच वर्षांची मर्यादा घालतो. तरीही राज्यातील अनेक गावांत मुदत संपल्यावर प्रशासक नेमले गेले. अखेर १५ जानेवारी २०२१ रोजी महाराष्ट्रातील १२ हजारांहून अधिक ग्रामपंचायतींसाठी मतदान घेण्यात आले.

बिहार विधानसभा निवडणूक, २०२०

साथ भरात असताना राष्ट्रीय निवडणूक घेण्याचा आरंभीचा ठळक प्रयोग दक्षिण कोरियाने १५ एप्रिल २०२० रोजी केला होता. तेथे मतदारांचे तापमान तपासले गेले, त्यांना हातमोजे देण्यात आले आणि विलगीकरणात असलेल्यांचे मतदान नेहमीची वेळ संपल्यावर घेण्यात आले. सुमारे ६६ टक्के मतदान झाले. याच तऱ्हेचे उपाय पुढे भारतीय सूचनांतही दिसतात. परंतु भारतात ते फार मोठ्या संख्येसाठी योजावे लागले.

बिहारच्या २४३ सदस्यांच्या विधानसभेची मुदत २९ नोव्हेंबर २०२० रोजी संपत होती आणि मतदार सव्वासात कोटींहून अधिक होते. सर्वांत परिणामकारक ठरलेला बदल दिसायला साधा होता. एका मतदान केंद्रावरील मतदारांची कमाल संख्या १,५०० वरून १,००० वर आणण्यात आली. यामुळे केंद्रांची संख्या २०१५ मधील सुमारे ६५ हजारांवरून एक लाख सहा हजारांवर गेली. केंद्र वाढले की त्यासोबत केंद्राध्यक्ष, मतदान अधिकारी, पोलीस, मतदान यंत्र आणि वाहनही वाढते. या सूचनेचा खरा भार तेथे होता. मतदानाची वेळ एका तासाने वाढवण्यात आली. मतदान २८ ऑक्टोबर, ३ नोव्हेंबर आणि ७ नोव्हेंबर अशा तीन टप्प्यांत झाले.

केंद्राच्या दारात तापमान तपासले जाई. ते ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त आढळल्यास पुन्हा तपासत. दुसऱ्यांदाही जास्त भरल्यास मतदाराला परत न पाठवता चिठ्ठी देऊन शेवटच्या तासात बोलावण्यात येई. विलगीकरणातील रुग्णांनाही आरोग्य कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली याच तासात मतदान करता येई. मतदाराचा हक्क शाबूत ठेवून संपर्क टाळण्याची ही युक्ती सूचनांतील सर्वांत विचारपूर्वक केलेली तरतूद म्हणावी लागेल. नोंदवहीवर सही करण्यासाठी आणि यंत्राचे बटण दाबण्यासाठी प्रत्येकाला एकदाच वापरायचा हातमोजा मिळे. असे ७ कोटी २० लाख हातमोजे पुरवण्याची तयारी आयोगाने जाहीर केली होती. त्यांची विल्हेवाट हा मतदानानंतरचा एक नवाच उद्योग झाला.

मतमोजणीच्या एका दालनात सातपेक्षा जास्त टेबले लावण्यास मनाई होती. यंत्रे वाढलेली आणि टेबले विखुरलेली असल्याने १० नोव्हेंबरची मोजणी मध्यरात्रीनंतरही चालू होती. मतदान सुमारे ५७ टक्के झाले, म्हणजे २०१५ पेक्षा किंचित अधिकच.

टपाली मतदान

भारतात टपाली मतपत्रिका प्रामुख्याने सैनिक व निवडणूक कर्मचाऱ्यांसाठी होती. ऑक्टोबर २०१९ मधील नियमदुरुस्तीने ती ८० वर्षांवरील व दिव्यांग मतदारांना, तर जून २०२० मधील दुरुस्तीने ६५ वर्षांवरील मतदारांना आणि कोव्हिडग्रस्तांना खुली झाली. ६५ वर्षांची मर्यादा काही विरोधी पक्षांना मान्य नव्हती. एवढ्या मोठ्या गटाचे मतदान केंद्राबाहेर होणे गैरप्रकारांना वाव देईल, असा त्यांचा आक्षेप होता. मनुष्यबळाच्या अडचणी पुढे करून आयोगाने जुलैमध्ये ही मर्यादा बिहारमध्ये लागू न करण्याचे ठरवले. ‘टपाली’ हे नाव येथे काहीसे फसवे आहे. मतदाराने १२-ड हा अर्ज मुदतीत भरून दिल्यावर मतदान अधिकाऱ्यांचे पथक त्याच्या घरी जाते व मत नोंदवून घेते. टपालपेटीचा त्यात संबंध येत नाही.

दुसरी लाट आणि २०२१ च्या निवडणुका

पश्चिम बंगाल, आसाम, केरळ, तमिळनाडू आणि पुदुच्चेरी येथील निवडणुका मार्च-एप्रिल २०२१ मध्ये झाल्या. बंगालमध्ये २७ मार्च ते २९ एप्रिल असे आठ टप्पे होते. घरोघरी प्रचाराला पाचच जणांनी जावे, सभेत अंतर राखावे, असे नियम कागदावर होते. प्रत्यक्षात प्रचंड सभा व रोड शो होत राहिले. आयोगाने १६ एप्रिलला रात्रीच्या प्रचारावर बंदी घातली आणि २२ एप्रिलला रोड शो व पाचशेहून अधिक लोकांच्या सभांना मनाई केली. तोवर सहा टप्पे उरकले होते. समशेरगंज व जंगीपूर येथे उमेदवारांचा कोव्हिडने मृत्यू झाल्याने मतदान स्थगित झाले. ते ३० सप्टेंबर रोजी घेण्यात आले. मद्रास उच्च न्यायालयाने २६ एप्रिलला आयोगावर अतिशय कडक तोंडी ताशेरे ओढले. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे रोजी ते कठोर ठरवले; मात्र न्यायालयातील तोंडी टिप्पण्यांचे वार्तांकन रोखण्यास नकार दिला.

महाराष्ट्रात पंढरपूर विधानसभा मतदारसंघाची पोटनिवडणूक १७ एप्रिलला झाली. राज्यभर १४ एप्रिलपासून कडक निर्बंध लागू झाले असताना या मतदारसंघात ते मतदानानंतर लागू करण्याचे ठरले होते.

सर्वांत मोठी किंमत उत्तर प्रदेशातील पंचायत निवडणुकीत मोजावी लागली. राज्य निवडणूक आयोगाच्या देखरेखीखाली १५, १९, २६ व २९ एप्रिल रोजी मतदान झाले. कामावर मुख्यतः शिक्षक होते. प्रशिक्षण, साहित्य वाटप, मतदान आणि यंत्रांऐवजी मतपत्रिकांची मोजणी अशा प्रत्येक टप्प्यावर त्यांना गर्दीत उभे राहावे लागले. या कामामुळे १,६२१ शिक्षक व शिक्षण कर्मचारी दगावल्याचा दावा प्राथमिक शिक्षकांच्या संघटनेने केला. शिक्षण विभागाने आरंभी केवळ तीन मृत्यू मान्य केले. कारण, घरून कामावर जाताना, काम करताना किंवा घरी परतताना आलेला मृत्यूच नियमात बसत होता. संसर्ग होऊन काही दिवसांनी मृत्यू ओढवणाऱ्या रोगाला हे माप लावणे म्हणजे बहुतेक मृत्यू मोजणीबाहेर ठेवणेच होते. टीका झाल्यावर राज्य सरकारने नियम बदलला. कामाच्या दिवसापासून ३० दिवसांत कोव्हिडने झालेला मृत्यू ग्राह्य धरून वारसांना ३० लाख रुपयांचे सानुग्रह अनुदान देण्याचे ठरले. पुढे दोन हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांना ते मंजूर झाले. त्यांत शिक्षकांसोबत इतर खात्यांचे कर्मचारीही होते.

२०२२ नंतर

गोव्यासह पाच राज्यांच्या निवडणुका ८ जानेवारी २०२२ रोजी जाहीर करताना आयोगाने आरंभापासूनच जाहीर सभा, पदयात्रा व रोड शो यांवर बंदी घातली आणि रुग्णसंख्या उतरू लागल्यावर ती टप्प्याटप्प्याने शिथिल केली. मतदान केंद्रावरील मतदारांची कमाल संख्या या वेळी १,२५० होती. गोव्यात १४ फेब्रुवारीला मतदान झाले. घरून मतदानाची सोय साथीनंतरही कायम राहिली. मार्च २०२४ मध्ये तिची वयोमर्यादा ८० वरून ८५ वर्षे करण्यात आली.