मस्तिष्कावरणविकार : संज्ञा व अर्थ

मेंदू व मेरुरज्जू यांना वेढणाऱ्या तीन संरक्षक पटलांच्या विकारांना मस्तिष्कावरणविकार ही व्यापक संज्ञा लावतात. या विकारांची नावे परस्परांशी मिळतीजुळती असल्यामुळे घोटाळा होण्याचा संभव असतो. तथापि विकृती कोणत्या पटलाशी निगडित आहे आणि तिचे स्वरूप काय आहे, या दोन गोष्टी बहुधा नावातूनच व्यक्त होतात. उपचारांची दिशा व निकड त्यांवरच ठरत असल्याने संज्ञांचा काटेकोर वापर आवश्यक असतो.

आवरणे : कवटीच्या आतील बाजूस चिकटलेले जाड व चिवट पटल म्हणजे दृढतानिका, मधले कोळ्याच्या जाळ्यासारखे नाजूक पटल म्हणजे जालतानिका आणि मेंदूच्या वळ्यांतही शिरून त्याला चिकटून राहणारे पातळ पटल म्हणजे मृदुतानिका होय. जालतानिका व मृदुतानिका यांमधील अवकाशात मस्तिष्क-मेरुद्रव असतो.

शोथ : आवरणांच्या शोथाला (दाहयुक्त सुजेला) मस्तिष्कावरणशोथ म्हणतात, व्यवहारात तो मेनिंजायटिस या नावाने परिचित आहे. त्यात मुख्यतः आतील दोन पटले ग्रस्त होतात. केवळ दृढतानिकेचा शोथ त्यामानाने विरळा असतो. प्रत्यक्ष मेंदूच्या ऊतकाचा शोथ तो मस्तिष्कशोथ. दोन्ही नावांत ‘आवरण’ या एकाच शब्दाचा फरक असला, तरी मस्तिष्कशोथात गोंधळलेपणा, वर्तनातील बदल व झटके ही लक्षणे प्रारंभापासूनच ठळक असू शकतात.

ज्वर, तीव्र डोकेदुखी, वांत्या व मानेची ताठरता ही मस्तिष्कावरणशोथाची प्रमुख लक्षणे होत. तान्ह्या मुलांत मान ताठ नसतानाही रोग असू शकतो. टाळू फुगणे व दूध न पिणे ही त्यांच्यातील महत्त्वाची चिन्हे आहेत. याउलट फुप्फुसशोथासारख्या रोगात मान ताठरूनही आवरणांचा शोथ नसतो. या अवस्थेला मस्तिष्कावरणक्षोभ म्हणतात. हा भेद केवळ लक्षणांवरून करता येत नाही. त्यासाठी कमरेत सुई घालून मस्तिष्क-मेरुद्रव तपासावा लागतो. ही कटिवेधाची पद्धत हाइन्रिख क्विंके यांनी १८९१ मध्ये प्रचारात आणली. सूक्ष्मजंतुजन्य प्रकारात द्रव बहुधा गढूळ होतो व त्यातील शर्करा घटते. विषाणुजन्य प्रकारात शर्करा सामान्यतः प्राकृत राहते. क्षयजन्य प्रकार बहुधा काही आठवड्यांत हळूहळू वाढतो. सूक्ष्मजंतुजन्य प्रकारात प्रतिजैव औषधे देण्यास विलंब झाल्यास बहिरेपणा, अपस्मार वा मृत्यू ओढवू शकतो.

रक्तस्राव : येथे ‘अधि’ (वर) व ‘अव’ (खाली) हे उपसर्ग निर्णायक ठरतात. अधिदृढतानिकीय रक्तस्रावात कवटी व दृढतानिका यांमध्ये रक्त साचते. कानशिलावरील आघाताने रोहिणी फाटणे हे त्याचे नेहमीचे कारण होय. अशा वेळी रुग्ण काही काळ शुद्धीवर येऊन बोलूही लागतो आणि नंतर झपाट्याने ढासळतो. म्हणून डोक्याला मार लागल्यावर आलेली शुद्ध धोका टळल्याचे लक्षण मानू नये. अवदृढतानिकीय रक्तस्राव बहुधा नीलांतून होतो. वृद्धांत क्षुल्लक आघातानंतर काही आठवड्यांनी त्याची लक्षणे दिसू शकतात. अवजालतानिकीय रक्तस्राव आघाताखेरीज झाल्यास त्याचे कारण बहुधा रोहिणीवरील फुगवटा फुटणे हे असते व डोकेदुखी एकाएकी, अत्यंत तीव्रतेने उद्भवते.

अर्बुद : आवरणांतील कोशिकांपासून उद्भवणाऱ्या गाठीला मस्तिष्कावरणार्बुद म्हणतात. तिचे मेनिंजिओमा हे नाव हार्वी कुशिंग यांनी १९२२ मध्ये रूढ केले. बहुतेक गाठी सौम्य व मंदगतीने वाढणाऱ्या असतात. परंतु कवटीतील मर्यादित जागेमुळे त्यांचा मेंदूवर दाब पडू शकतो.

प्रतिबंध : बीसीजी लशीमुळे बालकांचे क्षयजन्य मस्तिष्कावरणशोथापासून बऱ्याच अंशी संरक्षण होते. आफ्रिकेतील साथींना कारण होणाऱ्या ‘अ’ गटाच्या मस्तिष्कावरणगोलाणूंविरुद्धची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाली. तिचा वापर तेथे २०१० मध्ये सुरू झाल्यानंतर त्या गटाच्या साथी जवळजवळ नाहीशा झाल्या. इतर गटांचे व इतर सूक्ष्मजंतूंचे संसर्ग मात्र अद्याप होत असल्याने ज्वर व मानेची ताठरता एकत्र आढळताच रुग्णास विनाविलंब रुग्णालयात नेणे हितावह असते.