बिनडिस्कचा संगणक कां अडतो?

कोल्हापूर हें वसतिगृहांचें गांव. इ. स. १९०१ मध्यें राजर्षि शाहू महाराजांच्या आश्रयानें येथें व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें आणि पुढें निरनिराळ्या समाजांचीं वसतिगृहें एकामागून एक उभीं राहिलीं. अशा बोर्डिंगांतील विद्यार्थ्याजवळ ट्रंक असे, वळकटी असे, पुस्तकें असत; चूल मात्र स्वतःची नसे. स्वयंपाकघर सर्वांचें एकच. आज मला ज्या संगणकाविषयीं बोलावयाचें आहे, तो या विद्यार्थ्यासारखाच आहे. त्याला पडदा आहे, कळफलक आहे, गणित करणारी चिप आहे. परंतु माहिती कायमची सांठवून ठेवणारी डिस्क नाहीं. बटण दाबल्यापासून त्याला जें जें लागतें तें सर्व तो तारेवरून एका मोठ्या संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे, मागतो.

ही युक्ति आजची नव्हे. कॅलिफोर्नियांत १९८२ सालीं सन मायक्रोसिस्टिम्स नांवाची कंपनी निघाली. तिच्या संस्थापकांपैकीं विनोद खोसला हे पुण्यास जन्मलेले. त्या काळीं डिस्क फार महाग असे. सर्व्हरच्या डिस्कवरील फायली दुसऱ्या संगणकाला आपल्या स्वतःच्या असल्याप्रमाणें वापरतां याव्यात, अशी पद्धत या कंपनीनें १९८४ च्या सुमारास तयार केली. तिला नेटवर्क फाइल सिस्टिम, थोडक्यांत एनएफएस म्हणतात. आणि सर्व्हरवरील कोठार असें जोडून घेण्याला माउंट करणें म्हणतात. पुढें डिस्क स्वस्त झाली, तरी ही पद्धत मेली नाहीं. वीस यंत्रांची निगा राखण्याऐवजीं एकाच सर्व्हरची राखावी लागते, हा लाभ शाळांना अजून मोलाचा वाटतो.

शहरांतील एका माध्यमिक शाळेंत असे वीस संगणक होते. उन्हाळ्याच्या सुटीनंतर शाळा उघडली, आणि त्यांतील कांहीं चालूं होईनात. आज पांच, तर उद्यां आठ. काल अडलेलें यंत्र आज सुरळीत! तारा बदलून झाल्या, स्विच बदलून झाला. संगणक शिकविणाऱ्या बाईंवर हलगर्जीपणाचा ठपका येऊं लागला, आणि वीस डिस्क विकत घेण्याचा ठराव समितीपुढें मांडण्यांत आला. तो पैसा ग्रंथालयाचा होता. बाईंनीं मला बोलावून विचारलें, "सर, यंत्रेंच बिघडलीं आहेत असें सगळे म्हणतात. तुम्हांला काय वाटतें?" मी त्यांना एवढेंच म्हणालों कीं, अडलेल्या यंत्राच्या पडद्यावरची शेवटची ओळ मला जशीच्या तशी उतरून द्या. 'संगणक बंद आहे' ही तक्रार झाली. तिच्यावरून कांहींच कळत नाहीं.

कारण हा संगणक जागा होतो तो पायरीपायरीनें. प्रथम त्याच्या नेटवर्क कार्डांतील लहानसा कार्यक्रम तारेवर सर्वांना ऐकूं जाईल अशी हांक मारतो : 'माझा पत्ता काय?' पत्ते वाटणारा सर्व्हर त्याला पत्ता देतो आणि पुढची फाइल कोठें मिळेल तेंहि सांगतो. या रीतीस डीएचसीपी म्हणतात. मग टीएफटीपी नांवाच्या अगदीं साध्या रीतीनें तो कर्नेल, म्हणजे संगणकाचा सर्व कारभार पाहणारा मूळ कार्यक्रम, उतरवून घेतो. (पलटणींतल्या कर्नलाशीं याचा संबंध नाहीं, अधिकार मात्र तितकाच!) शेवटीं कर्नेल कारभार हातीं घेतें आणि एनएफएसनें कोठार माउंट करूं पाहतें. बहुतेक यंत्रें अडतात तीं येथें.

आणि येथेंच एक गोष्ट चांगल्या जाणत्यांनाहि चकविते. कर्नेल येऊन पोंचलें, त्या अर्थीं तार, कार्ड, पत्ता हें सर्व ठीक आहे, असें आपण धरून चालतों. परंतु पुष्कळ मांडण्यांत कर्नेल मागच्या पायऱ्यांवरचें कांहींहि वारशानें घेत नाहीं. तें कार्ड नव्यानें जागें करतें आणि पत्ताहि नव्यानें मागतें. त्या कार्डाचा ड्रायव्हर जवळ नसेल, तर क्षणापूर्वीं ज्या कार्डावरून तें आलें तेंच कार्ड त्याला दिसत नाहीं!

पडद्यावरच्या ओळींत पहिला भेद करावयाचा तो मौन आणि नकार यांचा. 'टाइम्ड आउट' असें आलें तर हांक पोंचली नाहीं किंवा उत्तर परतलें नाहीं. मग तार, स्विच, सर्व्हरचा पत्ता आणि फायरवॉल पाहावी. एनएफएसचा दरवाजा २०४९ क्रमांकाचा. तिच्या तिसऱ्या आवृत्तीला १११ आणि आणखीहि दरवाजे उघडे लागतात. उलट 'ॲक्सेस डिनाइड' आलें तर मला बरें वाटतें. नकार मिळाला, त्या अर्थीं सर्व्हर जिवंत आहे, तार शाबूत आहे आणि मागणी त्याच्या कानीं गेली आहे. मग यंत्र उघडण्याचें कारणच उरत नाहीं. कोणत्या पत्त्याला कोणतें कोठार द्यावें याची 'एक्स्पोर्ट्स' नांवाची यादी सर्व्हरवर असते, ती पाहावी. यादी दुरुस्त केली तर ती सर्व्हरकडून पुन्हां वाचून घ्यावी लागते. हें विसरल्यामुळें फुकट गेलेल्या दुपारी मला आठवतात.

शाळेंतील यंत्रांवर नकारच होता. सर्व्हरच्या नोंदींत नाकारलेल्या मागण्यांचे पत्ते सांपडले. यादींत १०१ ते १२० हे शेवटचे आंकडे असलेले पत्ते होते; नाकारलेला पत्ता ७ चा. हा सात क्रमांक दिला कोणीं? शोध घेतां कळलें कीं, सुटींत कचेरीसाठीं इंटरनेटचा एक छोटा राउटर आणून त्याच स्विचला जोडला होता, आणि तोहि आपल्या परीनें पत्ते वाटत होता. पहिल्या हांकेच्या वेळीं कार्ड त्याला फसत नसे, कारण राउटरच्या उत्तरांत कर्नेलच्या फाइलीचें नांवच नव्हतें. कर्नेल मात्र जो आधीं बोलेल त्याचा पत्ता घेई. म्हणून रोज निराळीं यंत्रें अडत. राउटरचें पत्ते वाटणें बंद केलें, आणि विसांच्या वीस यंत्रें उभीं राहिलीं. डिस्कचा ठराव पुढच्या सभेंत मागें घेण्यांत आला.

नकाराचें आणखी एक कारण म्हणजे आवृत्ति. नव्या लिनक्स सर्व्हरांत एनएफएसची दुसरी आवृत्ति बहुधा बंद असते. जुनें कर्नेल तीच मागत बसतें. त्याला तिसरी आवृत्ति मागावयास सांगितलें कीं काम होतें. कधीं कधीं माउंट होतें, पण यंत्राला कांहीं लिहितां येत नाहीं. सर्व्हर सावधगिरी म्हणून परक्या यंत्रावरील मुख्य अधिकाऱ्याला, म्हणजे रूटला, सामान्य पाहुणा मानतो. एरवीं हें शहाणपणाचें. परंतु ज्याचें सगळें घरच सर्व्हरवर आहे त्याला ही बंदी यादींत उठवून द्यावी लागते, आणि ती फक्त त्याच्यापुरतीच उठवावी. 'स्टेल फाइल हँडल' ही ओळ आली तर समजावें कीं, यंत्र चालूं असतांना सर्व्हरवरील तो फोल्डर कोणीं तरी काढून त्या जागीं दुसरा ठेवला आहे. नांव तेंच असलें तरी यंत्राजवळची खूण जुन्या फोल्डरची असते. पुन्हां माउंट करावें.

पावसाळ्यांत वीज जाते, तेव्हां काम करीत असलेलें यंत्र 'सर्व्हर नॉट रिस्पाँडिंग, स्टिल ट्राइंग' असें म्हणून गोठतें. यंत्र बॅटरीवर जिवंत असेल तर घाबरून तें बंद करूं नये. सर्व्हर परत उभा राहिला कीं तें जेथें थांबलें होतें तेथून पुढें चालूं लागतें. मुलानें लिहिलेला निबंधहि तसाच असतो. सर्वच बंद पडलें असेल तर मात्र प्रथम सर्व्हर चालूं करावा, तो पुरता जागा होऊं द्यावा, आणि मग यंत्रें एकेक ओळीनें चालूं करावींत. त्या शाळेंत बाईंनीं हा क्रम खडूनें फळ्याच्या कोपऱ्यांत लिहून ठेवला आहे, आणि तो पुसण्याची वर्गांत कोणालाच परवानगी नाहीं.