घड्याळ आणि त्याचे दुभाषी

संगणकांतील घड्याळ क्वार्ट्झ स्फटिकाच्या कंपनांवर चालतें. उष्णतेच्या फरकानें हीं कंपनें मंद वा शीघ्र होतात, व घड्याळ हळूहळू चुकूं लागतें. तें सतत सुधारीत राहणारा एक प्रोग्रॅम असतो. तो खरी वेळ जीपीएस-ग्राहक, अणुघड्याळ इत्यादि यंत्रांस विचारतो. परंतु प्रत्येक यंत्राची बोली निराळी. म्हणून मध्यें दुभाषी लागतो. त्यास ड्रायव्हर म्हणतात. हा दुभाषी घरांत ठेवावा कीं दाराबाहेर, असा प्रश्न आहे.

पहिल्या पद्धतीचें उदाहरण एनटीपीडी. इ. स. १९८५ मध्यें नेटवर्क टाइम प्रोटोकॉल प्रसिद्ध करणारे अमेरिकन संशोधक डेव्हिड मिल्स ह्यांच्या परंपरेंतील हा प्रोग्रॅम होय. त्यांत यंत्रागणिक ड्रायव्हर समाविष्ट होत गेले व त्यांचे अनुक्रमांक चाळिशीपलीकडे पोहोंचले. सोय मोठी : एकच प्रोग्रॅम बसविला कीं काम झालें. पण यंत्रें अडगळींत जातात, त्यांचे ड्रायव्हर मात्र उरतात. ते पारखावयास यंत्र कोणापाशीं नसतें. शिवाय घरांतील एक दुभाषी कोसळला, तर सारा प्रोग्रॅम बंद पडूं शकतो.

रिचर्ड कर्नो ह्यांनीं आरंभिलेल्या क्रोनीनें दुसरा मार्ग धरिला. त्यास ठरीव स्वरूपाचीं थोडींच दारें आहेत. जीपीएस-ग्राहकांच्या बोली जाणणारा जीपीएसडी हा स्वतंत्र प्रोग्रॅम त्या दारांशीं वेळ आणून ठेवितो, व क्रोनी ती उचलतो. ग्राहकाकडून दर सेकंदाच्या आरंभीं येणारा विजेचा ठोका मात्र थेट ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यांत नोंदविणें बरें. कारण मध्यस्थ वाढले कीं विलंबहि वाढतो.

तथापि वेगळेपणा म्हणजे निर्दोषता नव्हे. जीपीएसच्या मूळ संदेशांत आठवड्यांची गणना १०२४ झाल्यावर पुन्हां शून्यापासून सुरू होते. तेव्हां हें आवर्तन कितवें, हें ऐकणाऱ्यास ताडावें लागतें. जीपीएसडीच्या ३.२० ते ३.२२ ह्या आवृत्त्यांतील चुकीमुळें २४ ऑक्टोबर २०२१ रोजीं तारीख १०२४ आठवडे मागें, म्हणजे मार्च २००२ मध्यें, जाणार होती. तशा घड्याळावर विसंबलेल्या संगणकास सुरक्षित संकेतस्थळांचीं प्रमाणपत्रें अद्याप लागूच झालीं नाहींत, असें वाटलें असतें. दोष दुभाष्यांत होता, म्हणून दुरुस्तीहि तेथेंच, ३.२३ ह्या आवृत्तींत, झाली.

सारांश, दुभाषी दाराबाहेर ठेवणें श्रेयस्कर. परंतु दोन घड्याळांत मतभेद झाल्यास खरें कोणतें, हें तिसऱ्यावांचून कळत नाहीं. यास्तव एकट्या दुभाष्याच्या शब्दावर न विसंबतां इतर साक्षी विचारणें, हें घड्याळ राखणाऱ्याचें कर्तव्य उरतेंच.