दारू सोडायची आहे? ‘मिटिंग’ कशी शोधायची, आणि त्याआधी डॉक्टर का गाठायचा

बुटीबोरी : दारू सोडायची शपथ पिणाऱ्या बहुतेकांनी एकदा तरी घेतलेली असते. कोणी देवीसमोर, कोणी लेकराच्या डोक्यावर हात ठेवून. पुढच्या पगारापर्यंत नाहीतर पोळ्याच्या पाडव्यापर्यंत ती टिकते. मग घरचे म्हणतात, याला सोडायचीच नाही. पुष्कळदा सोडायची असते, पण एकट्याने जमत नाही. बाजूलाच वर्धा जिल्ह्यात कित्येक वर्षांपासून दारूबंदी आहे, तरी तिथला पिणारा पितोच. दुकान बंद झालं म्हणून तलफ बंद होत नाही.

अशा माणसासाठी ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’, म्हणजे ‘एए’च्या मिटिंगा असतात. अमेरिकेतल्या अॅक्रन शहरात 1935 मध्ये शेअर बाजारातला एक माणूस आणि एक डॉक्टर भेटले. दोघेही दारूने पार खचलेले. एका पिणाऱ्याशी दुसरा पिणारा मोकळेपणी बोलला की त्या दिवसाची तलफ टळते, हे त्यांना कळलं. त्यातून ही चळवळ उभी राहिली. भारतात ती 1957 मध्ये आली.

मिटिंगमध्ये भाषण नसतं, औषध नसतं. तास-दीड तास माणसं गोल बसतात. एकेक जण नाव सांगतो, आडनाव नाही, आणि म्हणतो, ‘मी अल्कोहोलिक आहे.’ मग आपली गोष्ट सांगतो : शेत कसं गहाण पडलं, कंपनीतून गेटपास कसा काढून घेतला, पहिले आठ दिवस कसे काढले. मधे कोणी टोकत नाही, सल्ला देत नाही. नवीन माणसाने ‘आज फक्त ऐकतो’ म्हटलं तरी चालतं. जन्मभर सोडा, असं तिथे कोणी म्हणत नाही. फक्त आजचा दिवस प्यायची नाही, एवढंच. फी नाही. शेवटी डबा फिरतो, त्यात जागेच्या भाड्यापुरते, चहापुरते पैसे सदस्यच टाकतात. कोणी ‘एए’च्या नावाने हजारो रुपये मागत असेल तर ती एए नव्हे.

सगळ्यात मोठी अडचण लाजेची. ‘ओळखीचा भेटला तर?’ भेटला तर तोही त्याच कारणाने आलेला असेल! तरी मन धजत नसेल तर नागपूरचा ग्रुप धरावा. बुटीबोरीहून रेल्वे आहे, बस आहे, खापरीपासून मेट्रो आहे. गर्दीत कोण कुठे चाललं, कोणी विचारत नाही.

पत्ता मोबाइलवरच मिळतो. ‘एए इंडिया’ शोधलं की शहरवार मिटिंगांची माहिती निघते. केंद्र सरकारची नशामुक्ती हेल्पलाइन 14446 आणि मानसिक आरोग्यासाठीची ‘टेलिमानस’ 14416, दोन्ही मोफत. टेलिमानसवर मराठीत बोलता येतं. मिटिंगचे वार-वेळा बदलतात, म्हणून निघण्याआधी फोन करावा. भाषा कोणती आणि मिटिंग ‘ओपन’ की ‘क्लोज’, तेही विचारावं. ओपनला घरचं माणूस सोबत बसू शकतं. क्लोज फक्त पिण्याचा त्रास असणाऱ्यांसाठी. एमआयडीसीत शिफ्ट बदलत राहते, त्यांना ऑनलाइन मिटिंग सोयीची. कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐकलं तरी चालतं.

पण एक गोष्ट आधी. सकाळी उठल्यावर हात थरथरतात, घोट घेतल्याशिवाय काम सुचत नाही, अशी ज्याची गत आहे त्याने दारू एकदम तोडू नये. घरच्यांनी खोलीत कोंडूनही ठेवू नये. दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, नसलेली माणसं दिसतात, भ्रम होतो; वेळेवर उपचार नसले तर जीवही जातो. नागपूरचं मेडिकल, प्रादेशिक मनोरुग्णालय किंवा मिहानमधलं एम्स, यांपैकी जवळ पडेल तिथे मानसोपचार विभागात दाखवावं. शरीर सावरलं की मिटिंग.

दुसरा धोका चहात कालवायच्या ‘गुप्त’ पुड्यांचा. बाई बिचारी भोळेपणी आणते. त्यात दारूशी रिअॅक्शन होणारी गोळी असली आणि तो वरून प्यायला, तर बीपी एकदम खाली येऊ शकतो. माणसाला न सांगता असलं काही देऊ नये.

नवरा यायला तयार नसेल तरी बायकोने थांबायचं कारण नाही. घरच्यांसाठी ‘अल-अॅनॉन’ नावाच्या वेगळ्या मिटिंगा असतात. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’मध्येही पत्नींचा ‘सहचरी’ गट आहे. त्याची उधारी आपण फेडायची का, कंपनीत ‘ताप आला’ म्हणून खोटा फोन करायचा का, लेकरांना काय सांगायचं, हे त्याच वाटेने गेलेल्या बायांकडून ऐकायला मिळतं.

केंद्रातून उपचार घेऊन आलेल्यालाही मिटिंग लागते. तो परततो तेव्हा चौक तोच असतो, दोस्त तेच, पगाराची तारीखही तीच. म्हणून आल्या आठवड्यातच ग्रुप धरावा आणि जुन्या सदस्याचा नंबर घेऊन ठेवावा. तलफ आली की पहिला फोन त्यालाच करायचा, रात्री-अपरात्रीही. मधे घसरला तरी नाव कापत नाहीत. पुढच्या मिटिंगला येऊन बसता येतं.