खिशातील कुलूप

चोराला उघडता येऊ नये आणि मालकाला अडवू नये, असे कुलूप असावे. घरच्या कुलपाविषयी हे आपण सारेच मान्य करतो. पण पाकिटातील बँकेच्या कार्डालाही तोच नियम लागू आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. कार्डावर जी सोनेरी टिकली दिसते तिच्याखाली एक चिमुकला संगणक असतो. अशा कार्डाच्या पेटंटासाठी रोलाँ मोरेनो यांनी १९७४ साली फ्रान्समध्ये अर्ज केला. ह्या संगणकाला स्वतःची बॅटरी नसते. समोरचे यंत्र पुरवील तेवढ्या विजेवर आणि अगदी थोड्या स्मृतीवर त्याला आपले काम उरकावे लागते.

हे काम म्हणजे मुख्यतः सही करणे. ८९ आणि ९७ यांचा गुणाकार शाळकरी मुलगाही करील. पण ८६३३ ही संख्या कोणत्या दोन संख्यांच्या गुणाकाराने झाली, असे विचारले तर मोठी माणसेही थबकतील. संख्या सहाशे आकड्यांची असली, तर आजचे बलाढ्य संगणकही हात टेकतात. ह्या अवघडपणावर १९७७ साली 'आरएसए' ही पद्धत उभी राहिली. कार्ड खरे आहे, हे त्याचे गुपित उघड न करता पटवून देता येते, ते अशाच गणितांमुळे.

१९९४ साली पीटर शोर यांनी दाखवून दिले, की पुंजयामिकीच्या नियमांनी चालणारा पुरेसा मोठा संगणक, म्हणजेच क्वांटम संगणक, हे कोडे झटपट सोडवील. ह्या कामाला पुरेल एवढे यंत्र उघडपणे तरी अद्याप कोठे उभे राहिलेले नाही. मग आजच घाई कशाला? कारण पासपोर्टाचे उदाहरण घ्या. त्यातील चिपवर सरकारची सही असते आणि पासपोर्ट दहा वर्षे चालतो. त्या काळात असे यंत्र निर्माण झाले, तर सरकारची सही कोणालाही हुबेहूब करता येईल.

म्हणून अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१६ साली जगभरच्या गणितज्ञांना आवाहन केले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तीन नवी मानके जाहीर केली. त्यांपैकी दोन अनेक मितींच्या जाळ्यातील बिंदू शोधण्याच्या कोड्यावर उभारलेली आहेत. हे कोडे क्वांटम संगणकालाही अवघड जाईल, असा तज्ज्ञांचा समज आहे.

परंतु खरी अडचण येथूनच सुरू होते. आजच्या एका प्रचलित पद्धतीची सही ६४ बाइटांत बसते. 'एमएल-डीएसए' ह्या नव्या मानकाची लहानात लहान सही २४२० बाइटांची आहे. कार्डाच्या नेहमीच्या संभाषणात एका खेपेस २५६ बाइटांचेच उत्तर जाते. म्हणजे एका सहीला दहा खेपा! शिवाय ह्या पद्धतीत सही कधी पहिल्याच प्रयत्नात जमते, कधी चार-पाच प्रयत्न करावे लागतात. विजेच्या चढउतारावरून गुपित ताडणाऱ्यांपासून बचाव करावा, तर काम आणखी वाढते.

कोणी म्हणेल, दोन सेकंद जास्त लागले तर काय बिघडले? लंडनच्या बसमध्ये २०१२ साली बँकेची कार्डे चालू लागली, ती व्यवहार अर्ध्या सेकंदात उरकावा ह्या अटीवर. कार्ड खरे की खोटे, हे तेथल्या तेथे ताडायचे असते. सकाळच्या गर्दीत प्रत्येकामागे दोन सेकंद वाढले, तर रांग रस्त्यावर येईल. आणि मग गर्दी आवरण्यासाठी कोणीतरी ती तपासणीच बंद करील. गुप्त आकडा लांबलचक केला, की लोक तो कार्डाच्या पाकिटावर लिहून ठेवतात, हा अनुभव आपणांस नवा नाही. वापरणाऱ्याला जाचणारे कुलूप शेवटी उघडेच राहते, असे आम्हांस वाटते.

तेव्हा भार जेथे पेलतो तेथेच घालावा. पासपोर्ट तपासताना क्षणभर थांबणे चालते, आणि सरकारची सही चिपला स्वतः करावी लागत नाही, नुसती साठवायची असते; म्हणून नवी सही तेथे आधी यावी. उलट बँकेशी थेट बोलणाऱ्या कार्डात दोघांजवळ एकच गुप्त किल्ली ठेवण्याची जुनी, हलकी रीत चालते. शोर यांची युक्ती तिला लागू पडत नाही, आणि किल्ली पुरेशी लांब असली म्हणजे झाले.

आणखी एक सावधगिरी हवी. 'साइक' नावाची एक नवी पद्धत ह्याच निवडीत पुष्कळ पुढे गेली होती. २०२२ साली ती साध्या संगणकावर सुमारे तासाभरात फुटली. म्हणून काही काळ नवी आणि जुनी अशी दोन्ही कुलपे एकत्र लावावीत, असे अनेक तज्ज्ञ सांगतात. २४२० बाइटांच्या ओझ्यावर ६४ बाइटांची भर ती काय!

ही कुलपे बदलतील तेव्हा आपणांस कदाचित काहीच जाणवणार नाही. कार्ड टेकवावे आणि फाटक उघडावे, एवढेच घडेल. ते तसेच घडावे, ह्यासाठीच हा सारा खटाटोप आहे.